सात नंबरची फळी

प्रयाग त्या दिवशी आदिलाबादहून जैनथच्या बसमध्ये चढली ती काखेत थर्माकोलच्या बारा फळ्यांची चवड घेऊन. प्रत्येक फळी हातभर लांब, हातभर रुंद, आणि वरून चकचकीत चंदेरी कागद घट्ट गुंडाळलेला. कंडक्टरनं तिकीट देता देता विचारलं, "क्या है अम्मा ये? शादी का डेकोरेशन?" गारा मोजायच्या आहेत असं प्रयागनं सांगितलं, तेव्हा पुढची तीन बाकं मागं वळून पाहायला लागली. पाऊस मोजतात हे लोकांना ठाऊक होतं, पण गारा मोजणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. एका म्हाताऱ्यानं तर पाय आखडून घेऊन फळ्यांना जागा करून दिली. न जाणो, सरकारी काम असायचं.

काम तसं साधं होतं. फळी उघड्या रानात जमिनीलगत खिळवायची. तिच्यावर गार पडली की कागदात खळगा उमटतो. खळग्याच्या मापावरून गार केवढी होती ते कळतं आणि खळगे मोजले की किती पडल्या तेही कळतं. कागदावर इतकं सोपं असलेलं काम गावात गेल्यावर काय होतं, हे मात्र तिच्या साहेबांच्या पुस्तकात नव्हतं. मागच्या खेपेला भीमपूरकडच्या कौशल्याबाईंनी पहिली गार पडताक्षणी धावत जाऊन फळी उपटली आणि घरात नेऊन उतरंडीमागं ठेवली. प्रयाग न्यायला गेली तेव्हा मोठ्या अभिमानानं काढून दिली. "सरकारची वस्तू हाये, फुटली असती ना बाप्पा. एक टवका नाई जाऊ देला." फळी अगदी नवी कोरी होती. प्रयागला हसावं की रडावं कळेना.

साल अठ्ठ्याऐंशीचं, फेब्रुवारीचे दिवस. जैनथबाहेरच्या बरडावर त्या हंगामापुरतं एक रडार आणून उभं केलेलं होतं. लांबड्या ट्रकवर एक बंद खोली, तिच्या टपावर परातीसारखी तबकडी, आणि शेजारी दिवसभर धडधडणारा जनरेटर. तबकडी गोल फिरत आभाळात लहरी सोडायची. ढगातल्या पाण्यावर, गारांवर आपटून त्या परत यायच्या आणि खोलीतल्या गोल पडद्यावर तो ढग हिरव्या उजेडात उमटायचा. किती कोसांवर आहे, किती उंच चढलाय, कुठं निघालाय, सगळं दिसायचं. साध्या पावसाचा ढग कोणता आणि पोटात गारा घेऊन येणारा कोणता, हे आधीच ओळखता येईल का, एवढाच प्रश्न घेऊन सुधाकरराव हैदराबादेहून इथे आले होते. पन्नाशीचा शांत माणूस, चहा सोडला तर कशाचाच नाद नसलेला. प्रयाग आदिलाबादच्या कॉलेजातून सायन्स करून आलेली, त्यांची मदतनीस. पडद्यावर प्लॅस्टिकचा पारदर्शक ताव लावायचा आणि दर पाच मिनिटांनी ढगाची कड मेणाच्या पेन्सिलीनं गिरवायची, हे तिचं मुख्य काम. दोन्ही हात तावावर गुंतले की ती पेन्सिल दातात धरायची. साहेब म्हणायचे, "प्रयागबाई, मेण खाऊन पोट भरत नाही."

बारापैकी सात नंबरची फळी लावायची होती तिच्याच गावात, उमरडोहला. पैनगंगेच्या काठावरचं गाव ते. साहेबांनी नकाशावर पट्टीनं रेघा मारून जागा ठरवली होती. ती नेमकी पडली गावाच्या शिवेवर, उभ्या धोंड्यापाशी. प्रयागनं नकाशा पाहिला आणि तिचं बोट त्या खुणेवरच अडलं. पण साहेबांना काय सांगणार? त्या जागेला माझ्या घराण्याची बदनामी चिकटली आहे, असं सायन्सच्या कामात सांगायचं तरी कसं?

प्रयागची आई सखूबाई ही रामाजी गारपगाऱ्याची एकुलती एक लेक. वऱ्हाडात आणि नदीच्या या काठावर पूर्वी गावोगाव गारपगारी असायचा. ढग काळा-हिरवा होऊन आला की त्यानं उघड्या अंगाला राख फासून शिवेवर जायचं, ढगाकडं तोंड करून उभं राहायचं आणि गारा गावावरून वळवायच्या. रीत एकच, पण कडक. तो उभा असताना गावातल्या कुणीही त्याला मागून हाक मारायची नाही, आणि कुणी मारली तरी त्यानं वळायचं नाही. वळला की ढग गावावर आला.

त्रेचाळीस साली, निजामाच्या अमदानीत, रामाजी असाच शिवेवर उभा राहिला. त्या दिवशी उमरडोहवर नारळाएवढ्या गारा पडल्या. सात माणसं गेली, बैल किती गेले ते कुणी मोजलंच नाही. रामाजी पुन्हा दिसला नाही. त्याच्यासोबत गेलेल्या उत्तमरावानं, तेव्हा तो बावीसचा गडी, गावात येऊन सांगितलं की रामाजी भिऊन पळाला, नदी ओलांडून इंग्रजांच्या वऱ्हाडात गेला. तेव्हापासून ते घर पळपुट्याचं घर झालं. सखूबाई सात वर्षांची होती, आता बावन्नची झाली. पंचेचाळीस वर्षं तिनं पाणवठ्यावर मान खाली घालून पाणी भरलं. प्रयाग कॉलेजात पहिली आली तेव्हाही गावात कुणी तरी म्हणालंच, पोरगी पळण्यात हुशार दिसते.

शेवटी प्रयागनं दात-ओठ खात त्या धोंड्याच्या डाव्या अंगाला फळी खिळवली. खिळा ठोकताना तिला उगीचच वाटलं की आपण कुणाच्या तरी पायाशी बसलो आहोत.

पहिला ठिपका दिसला तो फेब्रुवारीच्या अखेरीस.

ट्रकची खोली भर दुपारीही काळोखीच असायची, कारण उजेड आला की पडदा दिसत नसे. दार लावून घ्यायचं, वरचा दिवा मालवायचा आणि त्या फिरत्या हिरव्या रेघेसमोर बसायचं. डोंगर, पाण्याची टाकी, जिनिंगचं धुराडं, अशा न हलणाऱ्या वस्तूही पडद्यावर दिसतात. त्या आधीच गिरवून ठेवलेल्या असतात, म्हणजे ढगाशी घोटाळा होत नाही. प्रयागनं तो ताव स्वतः केला होता, त्यातली खूण न् खूण तिला पाठ होती. आणि त्या दिवशी वायव्येला, अकरा किलोमीटरवर, एक नवा ठिपका उभा होता. बारीक, टोकदार, न हलणारा. त्याच वेळी खोलीत कसला तरी वास भरून आला. ओल्या राखेचा. चूल विझवल्यावर येतो तसा.

त्या संध्याकाळी उमरडोहच्या बाजूला गारा पडल्या. थोड्याच, बोराएवढ्या.

"कुणी लोखंडी टाकी उभी केली असेल," साहेब म्हणाले. "जाऊन बघून या."

प्रयाग जाऊन आली. धोंडा होता आणि तिची फळी होती, तिसरं काही नव्हतं. मग साहेब म्हणाले, हा त्या चंदेरी कागदाचाच प्रताप असेल. त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास नव्हता, कारण हातभर कागद अकरा किलोमीटरवरून दिसत नाही. तरी त्यांनी फळी आठवडाभर उलटी करून ठेवायला लावली. पुढच्या ढगाला ठिपका पुन्हा आला, त्याच जागी. साधा पाऊस चार वेळा येऊन गेला, तेव्हा नाही आला. तिसऱ्या खेपेला प्रयागनं घड्याळ लावलं. आधी ठिपका, आणि पस्तीस मिनिटांनी त्या जागेवर गारा. सुधाकररावांनी वहीत तीन वेळा लिहिलं, "कारण अज्ञात," आणि प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा लहान अक्षरात लिहिलं.

ती जागा कुणाची, हे प्रयागनं त्यांना सांगितलं नाही. आईलाही नाही. पण ती दातात पेन्सिल धरून त्या ठिपक्यासमोर बसायची तेव्हा तिच्या मानेवरचे केस उभे राहायचे, आणि त्याच वेळी आत कुठं तरी बरंही वाटायचं. पळालेला माणूस त्याच जागेवर पुन्हा पुन्हा कशाला येईल?

मार्चच्या शेवटच्या आठवड्यातला शुक्रवार. दुपारी साडेतीनला पलीकडे वऱ्हाडात एक ढग उठला आणि वीस मिनिटांत असा वाढला की सुधाकररावांनी हातातला चहा खाली ठेवला. त्यांनी तबकडी वर तिरपी करून उंची पाहिली. पंधरा किलोमीटर. त्याच्या पोटातला गाभा पडद्यावर इतका लखलखत होता की मधला भाग पांढरा दिसत होता.

"असा मी आयुष्यात पाहिला नाही," ते हळूच म्हणाले.

दहा कमी चारला ठिपका आला.

राखेचा वास या वेळी एवढा दाट की साहेबांनीही नाक उचललं. "काही जळतंय का?"

प्रयाग उत्तर द्यायला तिथे नव्हतीच, मनानं ती उमरडोहला पोचली होती. शुक्रवारी गाव गावात नसतं. शनिवारच्या बाजारासाठी सगळे नदीच्या पात्रात, डांगरवाडीत असतात. उन्हाळ्यात पैनगंगा आटली की वाळूत डांगरं लावतात, टरबुजं लावतात. त्या उघड्या वाळूत चाळीसएक माणसं असणार, आणि डोकं लपवायला एक झाड नाही. त्यात तिची आई होती.

"साहेब, जीप पाहिजे."

सुधाकररावांनी पडद्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "घेऊन जा. मी इथून पडद्याचे फोटो घेत राहतो."

चंपत ड्रायव्हरनं त्या कच्च्या रस्त्यानं जीप अशी हाणली की मागची शिडी कुठं गळून पडली ते त्याला दुसऱ्या दिवशी कळलं. चार वाजून दहा मिनिटांनी प्रयाग वाळूत उतरली. डोक्यावर अजून लख्ख ऊन होतं. फक्त पलीकडच्या काठामागं एक भिंत उभी राहिली होती, वर काळी आणि खाली हिरवट, आणि तिच्या आतून सतत गुरगुर चालली होती. वारा पार पडलेला.

टरबुजांच्या राशीजवळ उत्तमराव उकिडवा बसला होता. सदुसष्टचा झाला होता, पण वाडी अजून त्याच्याच शब्दावर चालायची.

"काका, समदे वरते चाला. शाळेत. साडेचारच्या आत गारा येते."

उत्तमराव हसला. "घड्याळ बांधून येते काय गारा? अन् पळा म्हनून सांगाले कोन आलं पाहा. पळपुट्याची नात."

बायाही हसल्या. सखूबाई मात्र हसली नाही. तिनं लेकीच्या तोंडाकडं पाहिलं, हातातलं टोपलं रिकामं केलं आणि उभी राहिली. पण तिच्यासोबत एकही जण उठलं नाही. जे आजवर जिभेवर आलं नव्हतं ते प्रयाग शेवटी बोलली.

"काका, रडारवर शिवेच्या धोंड्यापाशी ठिपका येते. माह्या आज्याच्या जागेवर. तो आला का गारा येते. तीन खेपा पाह्यलं म्या. आज बी आला."

उत्तमरावाच्या तोंडावरचं हसू तिथंच मावळलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला तो तिनं डोळ्यांनी पाहिला.

"कोन्या जागेवर म्हनतं?" तो कुजबुजला. "धोंड्याच्या डाव्या अंगाले... का उजव्या?"

"डाव्या. माह्या फळीवरच."

तो गुडघ्यावर हात टेकून उठला. त्याच्या आवाजातली पाटीलकी परत आली. "टाका समदं. टोपले डोक्यावर घ्या. शाळेत चाला. माल राहू द्या म्हनतो ना."

माणसं निघाली. प्रयाग पुढं-मागं धावत मोजत होती. बेचाळीस. एका पोटुशीला दोघींनी धरलं. काठाच्या चढावर पोचतात तोच ऊन गेलं. गेलं म्हणजे कुणी झाकण लावावं तसं गेलं, आणि सगळीकडं तो शेवाळी उजेड पसरला, ज्यात माणसांची तोंडं ओळखू येत नाहीत. मग पहिली गार पडली. मागं वाळूत टरबूज फुटल्याचा आवाज आला. मग दुसरं फुटलं. मग मोजायचं राहिलं नाही.

ज्यानं त्यानं टोपलं डोक्यावर पालथं घातलेलं, नजर पायाखाली. टोपल्यांवर धाडधाड वाजत होतं, कुणाच्या खांद्यावर बसत होतं, कुणी कळवळत होतं. अशात रांग शिवेच्या धोंड्याशी आली. आणि धोंडा ओलांडला की वाजणं थांबत होतं. एकेक माणूस ओलांडत होता आणि एकेकाचं टोपलं गप्प होत होतं. खाली पाहून चालणाऱ्यांना तेवढंच कळलं, आणि ओल्या राखेचा वास.

सगळ्यांत शेवटी उत्तमराव आणि त्याचा दंड धरून प्रयाग. धोंड्याच्या डाव्या अंगानं जाताना तिला आपल्या बाजूला कुणाचा तरी श्वास ऐकू आला. संथ, जड. तिनं मान वर केली नाही. दहा पावलं पुढं गेल्यावर मात्र तिच्यानं राहवलं नाही, तिनं मागं पाहिलं.

शिवेवर एक माणूस उभा होता. उघडी पाठ, राखेनं पांढरी. पाय फाकवून, दोन्ही हात पसरून, ढगाकडं तोंड करून. त्याच्या पुढं गारांचा पडदा होता, पार आभाळापर्यंत. मागं, त्यांच्याकडं, एक गार पडत नव्हती.

शाळा अजून तीनशे पावलं लांब होती. म्हाताऱ्या, ती पोटुशी, आई, सगळी माणसं त्या पाठीच्या भरवशावर उघड्यावर चालत होती.

शेजारी उत्तमरावानंही मागं पाहिलं. त्याचे ओठ हलले. प्रयागला एकदम उमगलं, त्रेचाळीस साली काय झालं असेल ते. तिनं झटक्यानं त्याच्या तोंडावर हात ठेवला आणि गच्च दाबला.

"काका, हाक मारू नका... पाया पडतो..."

त्यानं डोळ्यांनीच नाही म्हटलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याचे मिटलेले ओठ तिच्या तळव्याखाली होते, तिला ते जाणवत होते.

आणि हाक आली.

त्याच्याच आवाजात. उत्तमरावाच्या, पण विशीतल्या, कोवळ्या. त्यांच्या मागून, गावाच्या बाजूनं, जिथं कुणी नव्हतं तिथून.

"रामाजी... माघारी ये रे... रामाजी..."

हाक फार गोड होती. काळजीनं भरलेली. घरी जेवायला बोलवावं तशी. प्रयागचे स्वतःचेच पाय वळायला लागले होते. पुढं चालणारी सखूबाई जागच्या जागी थिजली. तिनं मागं पाहिलं, आणि त्या पांढऱ्या पाठीवर तिची नजर पडली. पंचेचाळीस वर्षं जिच्या ओठांवर 'बा' हा एकच शब्द होता, त्या बाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. शब्द बाहेर येऊ दिला नाही.

शिवेवरच्या माणसाचा खांदा हलला. मान किंचित, अगदी किंचित, वळू लागली.

"रामाजी..."

मान थांबली. खांदा पुन्हा जागेवर आला. त्या माणसानं उजवा पाय उचलला आणि पुढं टाकला, ढगाकडं, मग डावा. पायाखाली काही तरी करकरलं.

वळला नाही तो.

माणसं शाळेत पोचली, तेव्हा आभाळ दुभंगत होतं. ढगाचा एक भाग उत्तरेला ओसाड बरडावर गेला, दुसरा नदीच्या पात्रात उतरला, आणि उमरडोह मध्ये कोरडं राहिलं. प्रयागनं शाळेच्या दारात पुन्हा मोजलं. बेचाळीस. दोन वेळा मोजलं. मग ती पायरीवर बसली आणि पहिल्यांदा रडली. लहान पोरीसारखी, मोठ्यानं.

उत्तमराव सगळ्यांसमोर उभा राहिला. त्यानं डोक्यावरचा रुमाल काढून सखूबाईच्या पायाशी ठेवला.

"तुहा बाप पळाला नव्हता सखू. म्या खोटं बोललो. तवा बी अशीच हाक आली होती, माह्याच आवाजात. माह्यं तोंड मिटलेलं होतं. त्याले वाटलं म्याच बोलावतो, म्हनून तो वळला. माह्याकडं पाह्यलं त्यानं... अन् मंग गारा आल्या. मी कुडाखाली सरपटत गेलो म्हनून वाचलो. त्याले नदीनं नेलं." त्यानं हात जोडले. "हाक म्या नाई मारली म्हनलो असतो, तर कोनाले पटलं असतं? पळाला म्हननं सोपं होतं."

सखूबाईनं तोंडातला बोळा काढला, पदर नीट केला आणि मान वर केली. "रुमाल उचला भाऊ," ती म्हणाली. "आज तुमी तोंड मिटून ठेवलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव शिवेवर लोटलं. पात्रात लाल चिखल झाला होता, एक टरबूज शाबूत नव्हतं. त्याचं दुःख कुणी केलं नाही. हलगी वाजली, धोंड्याला शेंदूर लागला आणि पहिला नारळ गावानं सखूबाईच्या हातात दिला. असे नारळ पुरुष फोडतात. तिनं तो एका घावात फोडला आणि हसली, आणि आपली आई हसताना कशी दिसते हे प्रयागला सत्ताविसाव्या वर्षी कळलं. जो तो येऊन सांगत होता, मी सखूबाईचा शेजारी, मी तिच्या मळ्याला लागून. काल हसलेल्या बाया आज सर्वांत पुढं होत्या. माणसं अशीच असतात, आणि त्या दिवशी त्याचाही राग कुणाला आला नाही.

सुधाकरराव फोटो धुऊनच आले होते. ढग ठिपक्याशी आला आणि त्याची दोन शकलं झाली, हे त्यात लख्ख दिसत होतं. "मोठे ढग असे फुटतात. पुस्तकात आहे," ते म्हणाले. "पण तुम्ही आधी ओळखलंत, बाई. बेचाळीस माणसं. उद्या रेडिओवरून गावोगाव असा इशारा देता येईल. याच्यासाठीच आलो होतो मी." मग ते सात नंबरची फळी घ्यायला वाकले आणि वाकलेलेच राहिले.

कागदावर एकही गार उमटली नव्हती. दोन पावलं उमटली होती. अनवाणी, रुंद, खोल रुतलेली. बोटं नदीकडं, टाचा गावाकडं.

त्यांनी फळी रुमालात गुंडाळली. अहवालात तिच्यापुढं लिहिलं, "नोंद घेता आली नाही," आणि फळी सखूबाईला देऊन टाकली.

त्यानंतर वीस दिवसांनी, एप्रिलात, पुन्हा ढग आला. या वेळी रडारच्या दिशेनंच. उमरडोहचा ठिपका उमटला नाही, राखेचा वासही नव्हता. प्रयाग एकटी खोलीत बसून ताव गिरवत होती. सुधाकरराव बाहेर बरडावर उभे होते. ढग अंगावर येताना डोळ्यांनी पाहायचा होता त्यांना. जैनथला इशारा केव्हाच दिला होता, बाजार उठला होता, लोक घरात होते. दोघांच्याही मनात आता धाकधूक नव्हती. काम जमलं होतं.

दार उघडून साहेब आत आले. "बोला. हाक का मारलीत?"

प्रयागनं त्यांच्याकडं पाहिलं. तिच्या दोन्ही हातांनी ताव धरलेला होता, आणि पेन्सिल दातात होती. ती तिनं हळूच काढली.

"म्या नाई मारली साहेब."

"तुमचाच आवाज होता. 'साहेब, माघारी या' म्हणालात. दोन वेळा." त्यांनी दाराकडं पाहिलं. "मी लगेच वळलो."

बाहेर जनरेटर धडधडत होता. साहेब तिच्यासमोर स्टुलावर बसले, ओठ घट्ट मिटून. हिरवा उजेड त्यांच्या चेहऱ्यावरून फिरत होता. टपावर पहिली गार वाजली.

आणि ट्रकच्या मागून, मोकळ्या बरडावरून, साहेबांचा आवाज आला. शांत, मायेचा.

"प्रयागबाई... माघारी या..."

समोर बसलेल्या साहेबांचे ओठ हलले नव्हते. प्रयागनं पेन्सिल पुन्हा दातात धरली, पडद्याकडं तोंड केलं आणि ढगाची पुढची कड गिरवायला घेतली. तिनं मान वळवली नाही.